छताच्या गल्लीमुळे बंद

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. तेही सही-शिक्क्यानिशी.

तुमच्या तपासणी अहवालात वाक्य आहे, "दिनांक एकोणीस रोजी सकाळी अकरा वाजता प्रत्यक्ष भेट दिली असता वाचनालय बंद आढळले." या एका वाक्याच्या जोरावर तुमच्या कार्यालयाने आमच्या वाचनालयाला नोटीस धाडली. पंधरा दिवसांत समाधानकारक खुलासा आला नाही, तर मान्यता रद्द आणि खोली कार्यालयाच्या जुन्या कपाटांसाठी ताब्यात. म्हणजे नऊ हजार पुस्तकं बाहेर आणि तुमची गंजकी कपाटं आत. कपाटांची मापं नोटिशीत दिली आहेत, अगदी इंचांत. ज्या ग्रंथपाल बाईंनी सव्वीस वर्षं या पुस्तकांची धूळ झटकली त्यांचं काय करायचं, यावर मात्र एक शब्द नाही. बाईंना बहुतेक कपाटात ठेवणार असाल.

मला सगळे पेंटर म्हणतात. चित्रं काढणारा नव्हे, पाट्या रंगवणारा. बत्तीस वर्षं दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या पाट्या रंगवल्या. या बत्तीस वर्षांत शुद्धलेखनाची एक चूक दाखवा, मी ब्रश मोडून तुमच्या टेबलावर ठेवतो. पुढे छापील फलक आले, दुकानाचं काम निम्म्यावर आलं आणि मी रिकाम्या वेळात कॉम्प्युटर शिकलो. कुणाकडे शिकायला गेलो नाही. स्वतः वाचून, चुकून, परत वाचून शिकलो. आमच्या वाचनालयाची वेबसाइट मी एकट्याने केली. पहिल्या पानावर वाचनालयाच्या दाराचा फोटो, खाली वेळा, त्याखाली सूचनेची चौकट. बाईंनी ती बघितली तेव्हा त्या म्हणाल्या, "पेंटर, हे तर पाटीसारखंच दिसतंय." मला तो मोठा गौरव वाटला. आता कळतं की तीच माझी चूक होती.

कारण पाटीचं एक असतं साहेब. जुनी पुसली आणि नवी रंगवली की रस्त्यावरचा प्रत्येक माणूस नवीच वाचतो. कुणी येऊन सांगत नाही की पेंटर, माझ्या डोळ्यांत अजून तुमची जुनी पाटीच आहे. वेबसाइटचं तसं नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उलट जे सांगितलं, ते दातांच्या डॉक्टरांनी.

डॉक्टर आमच्याच इमारतीत तळमजल्यावर बसतात. वाचनालयाचे सभासद आहेत, पुस्तक एकही नेत नाहीत, सल्ला रोज देतात. एकदा जिन्यात गाठून म्हणाले, "पेंटर, तुमची साइट उघडेपर्यंत माझा पेशंट दात काढून घरी पोचतो. काहीतरी करा."

मला लागलं ते. मी चार दिवस शोधाशोध केली. तेव्हा कळलं की फोनमधला ब्राउझर, म्हणजे ज्यातून आपण साइट उघडतो तो, एकदा बघितलेलं पान स्वतःजवळ ठेवून घेऊ शकतो. पुढच्या वेळी लांबून आणायला नको, खिशातलंच काढून दाखवायचं. किती दिवस जवळ ठेवायचं, ते साइटवाल्याने एका ओळीत सांगायचं असतं. हा आकडा सेकंदांत लिहितात. मी लिहिला तीन कोटी पंधरा लाख छत्तीस हजार. म्हणजे एक वर्ष. पानालाही तोच, फोटोंनाही तोच, सूचनेलाही तोच. उगाच हात आखडता कशाला घ्या?

साइट विजेसारखी उघडू लागली. डॉक्टर म्हणाले, "आता बरं आहे." डॉक्टरांच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे फार झालं. मी दोन दिवस जिन्यातून ताठ मानेने चढलो. बायको म्हणाली, "अहो, मान धरलीय का?"

मग टाकी फुटली. वाचनालयाच्या वर गच्चीवर पाण्याची टाकी आहे, ती तडकली आणि छत गळू लागलं. तीन तारखेला बाईंनी सकाळी सकाळी निरोप दिला की डागडुजी होईपर्यंत बंद ठेवावं लागेल, सूचना टाका. मी दुकानात एका हाताने मुख्याध्यापकांची पाटी रंगवत होतो, दुसऱ्या हाताने सूचना टाइप केली, चौकटीत टाकली आणि सभासदांच्या गटावर लिंक पाठवली. वर जरबेने लिहिलं, "गटावरील ऐकीव माहितीवर विश्वास ठेवू नये. यापुढे संकेतस्थळावरील सूचनाच अधिकृत." हे वाक्य मला फार आवडलं होतं. पुढे याच वाक्याने मला धरून आपटलं.

पाच मिनिटांत डॉक्टरांचा फोन. "पेंटर, तुमच्या छताला गल्ली कधी काढलीत?"

मी साइट उघडली. मोठ्या, ठसठशीत, लाल अक्षरांत होतं, "छताच्या गल्लीमुळे वाचनालय बंद राहील."

मी 'गळती' लिहिलं होतं. आईशपथ 'गळती' लिहिलं होतं. पण या यंत्रांना स्वतःचं ज्ञान दाखवायची खाज असते, फोनने परस्पर 'गल्ली' केलं. मी चाळीस मिनिटांत ती चूक दुरुस्त केली. चाळीस! त्यातली वीस तर हाताचा लाल रंग धुण्यात गेली. पण तोवर गटातल्या जवळपास सगळ्यांची लिंक उघडून झाली होती. साइट काढल्यापासून पहिल्यांदाच सगळ्यांनी एकदम उघडली, आणि तेव्हाच नेमकी गल्ली होती. आता ती गल्ली प्रत्येकाच्या खिशात एक वर्षाच्या बोलीने राहायला गेली. बोली मीच ठरवून दिलेली.

त्या गटात तुम्हीही आहात, साहेब. बाईंनीच तुम्हाला मागे घातलं होतं, कार्यालयाला माहिती राहावी म्हणून. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी विसरलो होतो, तुम्ही विसरू नका.

मी दुरुस्त केलेलं मला दिसत होतं, दुसऱ्या कुणालाही दिसत नव्हतं. आठवडाभर लोक मला रस्त्यात थांबवून विचारत होते, छताच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने मिळतील का. ज्या माणसाने बत्तीस वर्षं लोकांच्या पाट्यांतले ऱ्हस्व-दीर्घ न सांगता सुधारून दिले, त्याची ही अवस्था. घरी जेवताना बायको म्हणाली, "ताट जरा इकडे सरकवा, मध्ये गल्ली ठेवा."

हे सगळं मी गिळलं असतं. पण अकरा तारखेला टाकी दुरुस्त झाली, वाचनालय उघडलं आणि वाचक आलेच नाहीत.

मी साइटवर टाकलं, "वाचनालय नेहमीच्या वेळेत सुरू आहे." गटावर लिंक दिली. लोकांनी लिंक दाबली. ब्राउझरने खिशातून जुनं पान काढून दाखवलं. लगेच गटावर उत्तरं. "गटावर सुरू, साइटवर बंद. आधी तुमचं तुम्ही ठरवा." दुसऱ्याने माझंच वाक्य माझ्या अंगावर फेकलं, "संकेतस्थळावरील सूचनाच अधिकृत." मी लिहिलं, नाही हो, खरंच सुरू आहे. त्यावर तिसरा, "ऐकीव माहितीवर विश्वास ठेवू नये."

बाई रोज सकाळी कुलूप काढून बसत. समोर वर्तमानपत्रं घडीसुद्धा न मोडता पडलेली. बाई ती संध्याकाळी स्वतः उघडून चुरगळून ठेवायच्या, वाचल्यासारखी दिसावीत म्हणून. रोज फक्त एक आजोबा येत. ते नेहमीच्या खुर्चीत बसून नेहमीचं वर्तमानपत्र वाचत. मी विचारलं, "आजोबा, तुम्ही कसे काय येता?"

"म्हणजे? चालत."

"नाही, बंद आहे असं फोनवर दिसलं नाही का?"

"माझ्याकडे फोनच नाही. मी येऊन बघतो, उघडं असलं तर आत बसतो."

साहेब, वाचनालय उघडं आहे की बंद, हे कसं ठरवायचं याची इतकी सोपी पद्धत तुमच्या नियमपुस्तिकेत नाही का?

मी माझ्या मेहुण्याला फोन लावला. तो कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवरच असतो. आधी पोटभर हसला. मग म्हणाला, "भावजी, एक वर्ष? अहो, एक वर्ष कुणी लिहितं का पानाला?"

"आता लिहिलंय. उपाय सांग."

"सूचनेच्या फाइलचं नाव बदला. नावापुढे एक आकडा लावा. नाव नवं दिसलं की ब्राउझरला वाटतं फाइल नवी आहे, तो मुकाट्याने नवी आणतो. दर वेळी बदल केला की आकडा बदलायचा. आणि पानाला सांगून ठेवा, की रोज विचारून जा, काही नवीन आहे का."

"मग झालं?"

"यापुढचं झालं. पण ज्यांच्या फोनमध्ये पानच जुनं बसलंय, त्यांना नवं नाव कळणार कुठून? तो फोन तुमच्याकडे विचारायलाच येत नाही. वर्षभर येणार नाही. त्या सगळ्यांना सांगा, कॅश क्लिअर करा."

या साठवलेल्या मालाला कॅशे म्हणतात, आणि बोलताना सगळे कॅश म्हणतात. मी फाइलचं नाव बदललं, आकडा लावला, वर्षाची ओळ काढून फेकली. आणि मग तो मूर्खपणा केला, ज्याची आठवण झाली की अजून कानशिलं तापतात. फोनवरच्या सूचनेवर आता कुणाचा विश्वास नाही, म्हणून मी माझ्या खऱ्या धंद्याकडे वळलो. तीन फूट बाय दोन फुटाची पाटी रंगवली आणि इमारतीच्या दाराशी लावली:

"वाचनालयाच्या सर्व सभासदांनी आपापली कॅश त्वरित क्लिअर करावी. अन्यथा जुनेच प्रकरण दिसत राहील."

एकही शुद्धलेखनाची चूक नव्हती. अक्षर असं, की लांबूनही नजर चुकवता येऊ नये.

संध्याकाळी आमच्या दारात खजिनदार काका. काखेत वाचनालयाची पत्र्याची पेटी. चेहरा असा, जणू मी त्यांच्या घरावर दरोडा घालून वर पावती मागितली होती.

"ही घ्या तुमची कॅश."

"काका, बसा तरी..."

"जुनं प्रकरण? माझं? एकोणीस वर्षं मी ही पेटी सांभाळली. तुम्हाला संशय होता तर तोंडावर बोलायचं होतं. पाटी लावायची? रंगवून?"

"काका, ती कॅश वेगळी. फोनमधली."

"माझी कॅश पेटीत असते. फोनमध्ये कॅश तुमच्यासारखे लोक ठेवतात."

पेटी आमच्या चपलांच्या कपाटावर ठेवून काका निघून गेले. त्यांच्याबरोबर त्यांचे तीन दोस्तही गेले, जे निदान पाटी वाचून उद्यापासून आले असते. बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. म्हणाली, "अहो, तुम्ही एकदा लिहिणंच बंद करून बघा ना. महिनाभर. काय काय सुधारतंय ते बघू."

एकोणीस तारीख. हीच ती तारीख, साहेब, कान इकडे करा. मला घरात बसवेना, वाचनालयात बाईंच्या चेहऱ्याकडे बघवेना. हाताला काहीतरी काम हवं होतं. टाकीच्या पाण्याने दाराचा रंग फुगून सुटला होता, म्हणून मी ते दार रंगवायला घेतलं. नवा रंग. कोणता, ते इथे मुद्दाम लिहीत नाही. सकाळी दहापासून एक वाजेपर्यंत मी दारातच स्टूल टाकून बसलो होतो. आत जायचं तर मला उठवावं लागत होतं. मी एकदाच उठलो, आजोबांसाठी. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला ओला रंग लागला, त्यांनी मला दोन शब्द सुनावले, मी ऐकून घेतले. अकरा वाजता बाईंनी चहा दिला. तुम्हाला मी पाहिलं नाही. तुम्ही मला पाहिलंत का?

त्यानंतर मी घरोघर फिरायला लागलो. बोलून उपयोग नव्हता, हातात फोन घेऊनच काम व्हायचं. सभासदांची चौसष्ट घरं. प्रत्येक घरी तेच, पान उघडा, बोटाने खाली ओढा, सोडा. एक मावशी म्हणाल्या, "हळू ओढू की जोरात?" एकीने सांगितलं, "आलाच आहात तर टीव्हीचा आवाज का जातो तेही बघा." मी बघितला. तीन घरांत टीव्ही, दोन घरांत मिक्सर दुरुस्त केले आणि एका घरात नवरा-बायकोचं भांडण मिटवलं, कारण नवऱ्याने मागचं काहीही पुसू देणार नाही म्हणून फोन छातीशी धरून ठेवला होता. डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो तेव्हा त्यांच्या खुर्चीत आ करून बसलेल्या पेशंटनेही खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. सहा दिवसांत त्रेसष्ट घरं झाली. राहिलं एक, खजिनदार काकांचं. त्यांनी दार उघडलं, मला बघितलं आणि "माझी क्लिअर आहे" म्हणून परत लावलं.

वाचक येऊ लागले. वर्तमानपत्रावरून पुन्हा भांडणं होऊ लागली. बाईंनी पहिल्यांदाच "गप्प बसा" म्हटलं, तेव्हा त्यांचा आवाज इतका खणखणीत लागला, की मी बाहेर जिन्यात उभा राहून हसलो.

आणि सत्तावीस तारखेला तुमची नोटीस आली.

बाईंनी ती दोनदा वाचली, नीट घडी केली आणि एका पुस्तकात खुणेसारखी ठेवली. म्हणाल्या, "पेंटर, त्या दिवशी मी इथेच होते ना हो?" साहेब, सव्वीस वर्षं जी बाई एका खोलीत रोज वेळेवर आली, तिला तुम्ही तिच्याच हजेरीबद्दल शंकेत पाडलंत. हे मी विसरणार नाही.

मी तुमच्या कार्यालयात आलो. अहवालाची नक्कल पाहिजे म्हटलं. चार नंबरच्या खिडकीने सातला पाठवलं, सातने अर्ज चुकीच्या रंगाच्या कागदावर आहे म्हणून परत चारला. रंगाबद्दल मला शिकवत होते! मी कारकुनाला म्हटलं, "मग साहेबांनाच भेटतो."

"साहेब दौऱ्यावर आहेत."

"कुठे?"

"प्रत्यक्ष भेटींना."

तेवढ्यात पडद्यामागच्या केबिनमधून दौऱ्यावरची एक सणसणीत शिंक ऐकू आली. कारकुनाने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं. तो बिचारा चांगला माणूस असावा. त्याने उठून पाच मिनिटांत नक्कल आणून दिली.

नोटिशीत तुमचं एकच वाक्य होतं. नकलेत त्याच्या खाली दुसरी ओळ होती. तुमच्या हस्ताक्षरात, निळ्या शाईत.

"कारण : छताच्या गल्लीमुळे."

मी खिडकीशी उभा राहून इतका मोठ्याने हसलो, की सात नंबरवाला काम करायला लागला.

गल्ली, साहेब! तीन तारखेला चाळीस मिनिटं जगलेली माझी गल्ली! एकोणीस तारखेला ती जगात कुठल्याही भिंतीवर, दारावर, कागदावर नव्हती. ती फक्त फोनमध्ये होती. तुम्ही तीन तारखेला लिंक उघडलीत, एकोणीसला खुर्चीत बसून तेच पान पुन्हा उघडलंत, आणि जे दिसलं ते जसंच्या तसं उतरवलंत. छताला गल्ली कशी असेल, एवढाही विचार तुमच्या पेनाला पडला नाही.

पण मग माझं हसू जिन्यातच जिरलं. साइटवर ती गल्ली होती हे मी दाखवणार कशावरून? फाइल मी स्वतः बदलली. त्रेसष्ट घरं फिरून स्वतःच्या बोटाने ती पुसली. सहा दिवस पायपीट करून मी माझाच पुरावा नष्ट केला होता. सगळ्या वस्तीत ती गल्ली आता एकाच ठिकाणी शिल्लक होती.

मी पेटी काखेत मारली आणि खजिनदार काकांच्या दारात उभा राहिलो.

"काका, तुमचा फोन बघू द्या."

"क्लिअर करणार नाही."

"करू नका. तुमच्या पाया पडतो, अजिबात करू नका."

काकांनी दार पूर्ण उघडलं. "म्हणजे आता क्लिअर नको?"

"नको."

"मग पाटी कशाला लावलीत?"

मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. काकांनी ते शांतपणे ऐकलं. फोन काढून पान उघडलं. लाल, ठसठशीत, 'छताच्या गल्लीमुळे'. माझ्या आयुष्यातली सगळ्यात घाणेरडी पाटी, आणि तिच्याकडे बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण काका काका आहेत. म्हणाले, "फोन देतो. पण आधी पाटी लावायची. तेवढ्याच आकाराची."

ती पाटी आता वाचनालयात लागली आहे. "खजिनदारांची कॅश पहिल्यापासूनच क्लिअर होती." येणारा प्रत्येक जण विचारतो, मग भानगड काय होती? काकांना चालतं.

काकांचा फोन नेट बंद करून पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे, कुलूप लावून. हजेरीचं रजिस्टर बाईंकडे आहे, त्यात एकोणीस तारखेला आजोबांची सही आहे, वेळ दहा पन्नास. आजोबांनी बाहीला रंग लागलेला सदरा धुवायचा नाही असं ठरवलं आहे, घरच्यांची हरकत असूनही. हे सगळं घेऊन आम्ही खुलासा द्यायला येणार आहोत. चौसष्ट घरांतले लोक येतील. डॉक्टर दवाखाना बंद ठेवून येणार आहेत, सल्ले घेऊन.

माझी चूक मी कबूल केली, वर्षभराची ओळ मी लिहिली, गल्ली माझी. मी ती जिने चढून, दारं वाजवून, लोकांचे मिक्सर दुरुस्त करून निस्तरली. तुमची चूक तुम्ही निस्तरा. बाईंच्या नावाने माफीचं पत्र द्या आणि नोटीस मागे घ्या.

आणि तरीही तुमचं म्हणणं असेल, की एकोणीस तारखेला अकरा वाजता तुम्ही बावीस पायऱ्या चढून आमच्या दारापर्यंत आला होतात, तर मला लांबलचक खुलासा नको. माझ्या एका प्रश्नाचं एका शब्दात लेखी उत्तर द्या.

दाराचा रंग कोणता?

फोनमध्ये बघून सांगू नका. तिथल्या फोटोतलं दार जुनं आहे.